मदत हवी आहे : बालवाडीतली खेळायची कणीक टिकत नाही

नमस्कार ताई-दादांनो. वर्गात ३ ते ५ वयाची १८ लेकरं. कणकेचं प्रमाण असं: २ वाट्या मैदा, १ वाटी बारीक मीठ, २ चमचे गोडेतेल, पाऊण वाटी कोमट पाणी थोडं थोडं करून. रंगाला हळद किंवा बीटाचा रस. (हळदीच्या हातांना साबण लावला की लाल होतात, लेकरांना त्याचीच जास्त गंमत!)

आमच्या जालन्याकडं उन्हाळ्यात कोरड्या हवेनं अर्ध्या तासात वरून पापुद्रा धरतो, साप वळताना भेगा पडतात. पावसाळ्यात उलटं, मीठ हवेतली ओल ओढतं आणि कणीक बोटांना चिकटते. मीठ कमी केलं की दुसऱ्या दिवशी आंबूस वास. शाळेत फ्रीज नाही, झाकणाचा डबा आहे.

ज्वारीचं पीठ घरोघर आहे, पण त्याला चिकटपणा नाही. उकड काढली तर गरम असेतो वळतं, गार झालं की तुटतं.

मैदा शिजवून घेतला तर जास्त टिकते का? ग्लिसरीन किती घालावं? ज्वारीत मैदा कितपत मिसळावा? लेकरं तोंडात घालतात, तेव्हा तुरटी, फेविकॉल नको.