काळ्या पट्ट्या नकोत म्हणून मुंडकी छाटायची?

चौकोनी डबा
जुन्या मालिकांच्या नव्या संचांवर काल चर्चा चालली होती, तिथे 'मोठा पडदा' यांनी फर्मान काढलं: "एचडी संच घ्या, जुन्या डीव्हीडी भंगारात द्या. आता चित्र पडदाभर येतं, बाजूच्या काळ्या पट्ट्यांची कटकट संपली." तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

पट्ट्या गेल्या, मान्य. पण त्यांच्या जागी आलं काय? जुन्या टीव्हीचं ४:३ (रुंदी:उंची) चित्र आताच्या रुंद टीव्हीच्या १६:९ मध्ये पडदाभर पसरवायचं तर वरून-खालून मिळून पाव चित्र कापावं लागतं. शाळेतलं त्रैराशिक आहे, करून बघा. वर पुन्हा फिल्मचे दाणे दिसू नयेत म्हणून चित्र इतकं घासूनपुसून काढतात की पन्नाशीचा नट मेणाचा पुतळा दिसतो.

माझ्याकडे एका मालिकेचे दोन्ही संच आहेत. नाव घेत नाही, नाहीतर भांडण मालिकेवर जाईल. एक बाई खिडकीशी उभी राहून पत्र वाचते. जुन्या डीव्हीडीत चौकटीच्या तळाशी कागदाची कड दिसते, त्यावर तिचा अंगठा. अंगठा ओळीओळीने सरकत येतो आणि एका ओळीवर थांबतो. संवाद नाही, संगीत नाही. अंगठा थांबला की आपल्या पोटात गोळा येतो. नव्या संचात कागद नाही आणि अंगठाही नाही. बाई नुसती खाली बघत उभी. चप्पल शोधत असावी.

मोठा पडदा
माझ्या नावाने धागा निघाला, धन्य झालो. एका अंगठ्यावरून सगळ्या संचांना फाशी देऊ नका. 'द वायर' ही अमेरिकन मालिका घ्या. २००२ ते २००८ या काळात ४:३ मध्ये दाखवली, २०१४ मध्ये पडदाभर एचडीत आणली. निगेटिव्हवर कडेला जास्तीचं चित्र होतंच, ते वापरलं. आणि तिचा कर्ता डेव्हिड सायमन स्वतः त्या कामात होता. कर्त्याला चालतं आणि डबासाहेबांना चालत नाही?

चौकोनी डबा
सोयीचं तेवढंच वाचलंत. काही प्रसंग मोठ्या चौकटीत खुलले, काही पडले, असं त्याच सायमनने लिहिलंय. शिवाय तिथे कर्ता जिवंत होता, हाताशी होता, त्याला विचारलं गेलं. माझ्या पत्रवाल्या बाईच्या दिग्दर्शकाला कोण विचारायला गेलं होतं?

धूळखाऊ
दोघंही मुद्दा सोडून भांडताय. मालिका कशावर चित्रित झाली, तिथून सुरुवात करा. ग्रॅनाडा या ब्रिटिश टीव्ही कंपनीचा शेरलॉक होम्स फिल्मवर आहे, त्यामुळे पुन्हा स्कॅन केला की होम्स झालेल्या जेरेमी ब्रेटच्या कपाळावरची शीर मोजून घ्या. 'आय, क्लॉडियस' (१९७६) ही मालिका स्टुडिओत व्हिडिओटेपवर. टेपवर जेवढं उतरलं तेवढंच, त्यात एचडी कुठून आणणार? तरी लोक विचारतात, "ब्ल्यू-रे (एचडी डिस्क) कधी?" विहिरीतच नाही ते पोहऱ्यात यायचं कुठून?

'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'चं त्रांगडं आणखी वेगळं. चित्रण ३५ मिमी फिल्मवर, पण संकलन आणि इफेक्ट टेपवर. म्हणजे पूर्ण झालेला भाग फिल्मवर कुठेच नाही. २०१२ पासूनच्या ब्ल्यू-रेसाठी निगेटिव्ह हुडकून एकेक भाग नव्याने जोडावा लागला. एवढा उपद्व्याप करूनही चौकट ठेवली ४:३. याला म्हणतात लाज राखणं.

मोठा पडदा
आणि नंतरच्या स्टार ट्रेक मालिकेच्या, 'डीप स्पेस नाइन'च्या, वाट्याला ते भाग्य आलंच नाही. तुमच्यासारख्यांचे लाड पुरवण्यात तिजोरी आटली असेल.

मूळ गाणं
चौकट, दाणे, फिल्म, टेप. आवाजाबद्दल कुणी अवाक्षर काढेल का? 'नॉर्दर्न एक्सपोजर'च्या डीव्हीडी काढताना कितीतरी गाणी बदलली, कारण हक्क फक्त प्रक्षेपणापुरते घेतलेले. ज्या गाण्यावर अख्खा प्रसंग उभा, तिथे लिफ्टमध्ये वाजतं तसलं काहीतरी. 'द वंडर इयर्स' १९९३ मध्ये संपली आणि पूर्ण संच यायला २०१४ उजाडलं, ते याच भानगडीपायी. पाव चित्र गेलं म्हणून छाती पिटताय, माझा अख्खा प्रसंग गेलाय.

जाड चष्मा
एरवी नुसतं वाचतो, आज लिहितो. माझ्या बाबांना दोन्ही कानांनी जेमतेम ऐकू येतं. यंत्र लावलं की भांड्यांचा आवाज मोठा येतो, माणसांचा नाही. जुन्या संचात सबटायटल नव्हती. प्रत्येक संवादाला थांबवायचं, मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगायचं, मग पुढे. चाळीस मिनिटांच्या भागाला दोन तास. शेवटी तेच म्हणाले, "राहू दे रे, तू बघ."

नव्या संचात सबटायटल आहेत. चित्र कापलंय, डबासाहेब, दिसतंय मला. पण परवा एका टोमण्यावर बाबा माझ्या आधी हसले. किती वर्षांनी, ते मोजायचं नाही म्हणून मोजलं नाही.

मूळ गाणं
सबटायटलचं नाव काढू नका! माझ्याकडच्या संचात जिथे गाणं काढून टाकलंय, तिथे खाली लिहून येतं: (संगीत). अख्ख्या संचातलं तेवढंच प्रामाणिक.

धूळखाऊ
आणि रहस्यकथेत तर घातच. अंधारातून नुसता आवाज येतो, चेहरा अजून दाखवायचाय, आणि सबटायटल लगेच बोलणाऱ्याचं नाव छापून मोकळं. तुमचे बाबा आधी हसले ते त्यामुळेच असणार, त्यांना सगळं आधीच कळतंय!

चौकोनी डबा
शिवाय ती सबटायटल येतात कुठे? खालीच. जिथे आधीच सुरी फिरली आहे तिथे. म्हणजे हनुवटी कापायची आणि उरलेल्या तोंडावर अक्षरं चिकटवायची.

मोठा पडदा
मग टाका की तुमच्या लाडक्या काळ्या पट्ट्यांमध्ये. त्या पडल्या उभ्या, शब्दकोड्यासारखं वरून खाली वाचत बसा.

धूळखाऊ
गंभीरपणे सांगतो, जुन्या संवादांची लय सबटायटलमध्ये मरते. डोळे खाली, अभिनय वर. आवाज वाढवायचा, चांगला हेडफोन घ्यायचा. सबटायटल म्हणजे आळस.

जाड चष्मा
तुमचाच शेवटचा प्रतिसाद पुन्हा वाचा. ज्याला ऐकू येत नाही त्याला आवाज वाढवायला सांगताय. बाबांना नाही वाचून दाखवणार हे.

मूळ गाणं
धूळखाऊ, तुमच्या ज्ञानाला कोपरापासून नमस्कार, पण आत्ता माती खाल्लीत.

मोठा पडदा
नवल आहे, आज माझं आणि 'मूळ गाणं' यांचं एकमत.

धूळखाऊ
खाल्ली. मी उगाच सबटायटल लावून फोनवर बोलत बसणाऱ्यांबद्दल बोलत होतो, तसं लिहायला हवं होतं. जाड चष्मा, चुकलो. तरी बोलणाऱ्याचं नाव आधी छापू नये, हे माझं म्हणणं कायम. 'डॉक्टर हू'चे साठच्या दशकातले नव्वदहून जास्त भाग पुसले गेले, चित्र गेलं, पण लोकांनी घरी टीव्हीजवळ टेपरेकॉर्डर ठेवून आवाज धरून ठेवला. नुसत्या आवाजावर ते भाग जगले, हे डोक्यात ठेवून लिहून गेलो.

जाड चष्मा
म्हणजे नेमके तेच भाग, जे बाबांना काहीच देणार नाहीत. असो, माफी पोचली.

चौकोनी डबा
ठीक आहे. तुमच्या बाबांसाठी मुंडकी छाटलेला संच मला मंजूर. 'मोठा पडदा' यांच्यासाठी नाही. जुन्या चौकटीला सबटायटल जोडून द्यायला कुणाचा हात धरला होता, हा प्रश्न मात्र मी सोडणार नाही. दोन्ही एकाच डिस्कवर मावतं.

मोठा पडदा
एवढं शहाणपण पहिल्याच प्रतिसादात लिहिलं असतंत तर माझा रविवार वाचला असता. हो, जुनी चौकट पर्याय म्हणून द्यावी. खूश? मी तरीही पडदाभरच बघणार.

जाड चष्मा
डबासाहेब, तुम्ही निरोपात मालिकेचं नाव कळवलंत, तोच संच आमच्याकडे निघाला. बाबांना अंगठ्याचा किस्सा मोठ्या अक्षरांत टाइप करून दाखवला. ते म्हणाले, पत्र पक्कं आठवतंय, तरुणपणी पाहिलंय. निळ्या शाईचं होतं आणि अंगठ्यालाही शाई लागली होती. जुन्या डीव्हीडीत बघून सांगता का?

चौकोनी डबा
आत्ता पुन्हा लावून पाहिलं. अंगठ्यावर डाग आहे खरा, इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आला नव्हता. पण निळा कसा सांगू? मालिका कृष्णधवल आहे हो.