पल्सर 220 ला ब्रेडेड ब्रेक लाइन टाकू का? घाटात ब्रेक गेल्यासारखा झाला

घाटकरी_220:
मंडळी, गाडी 2014 ची पल्सर 220, एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) नाही. गेल्या रविवारी महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरत होतो, मागे बायको आणि दोन बॅगा, अर्धा घाट झाला आणि पुढचा लिव्हर एकदम मऊ पडला, दाबला की सरळ ग्रिपलाच टेकायला लागला. कशीबशी दुसऱ्या गिअरमध्ये खाली आणली. पोलादपूरला चहा पिऊन अर्ध्या तासाने बघतो तर लिव्हर परत ठीक! आता नाना पेठेत एकाने सांगितलं रबरी पाइप फुगतो म्हणून असं होतं, स्टीलच्या जाळीची ब्रेडेड लाइन टाक, पुढची-मागची मिळून साडेपाच हजार. टाकू का? कुठली घेऊ?

स्पॅनरअण्णा:
थांब जरा, पैसे नको काढूस. गरम झाल्यावर लिव्हर खाली बसला आणि गार झाल्यावर परत आला म्हणजे तुझं ब्रेक ऑइल उकळलंय भावा. ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि कोकणात नि पावसाळ्यात फिरणाऱ्या गाडीत तर विचारूच नकोस. नवीन डॉट 4 ग्रेडचं ऑइल कमीत कमी 230 डिग्रीला उकळतं, पाणी मुरलं की तेच 155 वर येतं. मग वाफ होते आणि वाफ दाबली जाते, पॅडपर्यंत जोरच पोचत नाही. यात पाइप स्टीलचा असो नाहीतर सोन्याचा, तेच होणार. पॅड तापून गेले असते तर लिव्हर कडकच राहिला असता पण गाडी थांबली नसती. शेवटचं ऑइल कधी बदललंस?

घाटकरी_220:
अण्णा लाज वाटते सांगायला 😅 सर्व्हिसिंगला बदलत असतील असं धरून चाललो होतो, आठवत तर नाहीच. आत्ता झाकण उघडून बघितलं, कोरा चहा आहे आत.

निळा_सायलेन्सर:
अण्णांचं बरोबरच पण तो पाइप पण ओरिजिनलच असेल ना? बऱ्याच जपानी गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ऑइल दर 2 वर्षांनी आणि ब्रेक होज दर 4 वर्षांनी बदला असं स्पष्ट लिहिलेलं असतं, आपण कोणी बदलत नाही ते सोडा. त्यामुळे पाइप बदलायचाच आहे तर ब्रेडेडचा विचार कर, मी दोन वर्षं वापरतोय. लिव्हर दगडासारखा लागतो, किती दाबला की किती ब्रेक लागणार हे बोटाला कळतं, पण गाडी लवकर थांबते वगैरे काही नाही, ते काम टायर आणि पॅडचं.

घेताना आत टेफ्लॉनची नळी आहे का ते विचार. बाजारात साध्या रबरी पाइपवर नुसती जाळी चढवून ब्रेडेड म्हणून विकतात. वरून प्लास्टिकचं कोटिंग असलेलीच घे, उघडी जाळी करवतीसारखी असते, माझ्या पहिल्या लाइनने टाकीचा रंग आणि एक वायर खाल्ली. हेल, गुडरिज अशा नावाच्या घेतल्यास तरी डब्यावर गाडीचं मॉडेल बघून घे, कारण बॅन्जो बोल्टचा (पाइपचं टोक बसवायचा पोकळ बोल्ट) आटा 1.0 पिचचा असतो नाहीतर 1.25 चा. चुकीचा बोल्ट जोर लावून बसवलास तर कॅलिपरचाच (चाकापाशी पॅड दाबतो तो भाग) आटा जाईल.

स्पॅनरअण्णा:
हो आणि तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवीन टाकायचे, पाइपच्या बॅन्जो टोकाच्या दोन्ही बाजूला एकेक. जुने परत घातले की थेंब थेंब गळतं. लाइन बसवल्यावर हँडल दोन्हीकडे लॉकपर्यंत फिरव आणि पुढचं चाक उचलून फोर्क पूर्ण मोकळा सोड, कुठे ताणली जाते का बघ. पाइपमधली एअर काढताना हँडलवरच्या मास्टर सिलेंडरच्या (लिव्हर दाबला की ऑइल ढकलतो तो) बोल्टपाशी बुडबुडा अडकतो, रात्रभर लिव्हर दाबून रबर बँडने बांधून ठेव, सकाळी फरक कळेल. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी मार.

रात्रपाळी:
मध्येच विचारतो, माझ्या गाडीला एबीएस आहे, मी पण घरी करू का?

निळा_सायलेन्सर:
एबीएसला पुढे पाइपचे दोन तुकडे असतात, मास्टरपासून मॉड्युलेटर (एबीएसचा पंप असलेला डबा) आणि तिथून कॅलिपर. मॉड्युलेटरमध्ये हवा गेली तर बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लावून पंप चालवल्याशिवाय ती निघत नाही. घरी नको करूस.

घाटकरी_220:
पाइप वाकवून बघितला, बॅन्जोपाशी बारीक भेगा आहेत. पुढची एकच ब्रेडेड मागवतोय, मागे कंपनीचा नवा पाइप. आणि आज संध्याकाळी आधी ऑइल.

स्पॅनरअण्णा:
सीलबंद बाटली घे, घरात उघडी पडलेली नको. डॉट 5 चुकून आणू नकोस, ते सिलिकॉनचं, तुझ्या गाडीत चालत नाही. आणि पुढच्या वेळी घाट उतरताना सुरुवातीपासूनच दुसऱ्या गिअरमध्ये ये.