निवड होण्याआधी विनामोबदला संपूर्ण डिझाइन करून द्यावे का?

प्रश्न

मी स्वतंत्रपणे ग्राफिक डिझाइनची कामे करते. एका संस्थेने मला आणि आणखी चार डिझायनरांना नव्या बोधचिन्हाचा संपूर्ण प्रस्ताव मागितला आहे, म्हणजे चिन्ह, रंगसंगती, अक्षररचना आणि लेटरहेडचा नमुनासुद्धा. ज्याचा प्रस्ताव पसंत पडेल त्यालाच पैसे मिळतील, इतरांना काहीही नाही. काम चांगले आहे आणि मला ते हवे आहे. मी नकार दिला तर माझ्या जागी दुसरे कोणी येईल, आणि होकार दिला तर हीच पद्धत रुजवायला माझा हातभार लागेल. नैतिकदृष्ट्या याकडे कसे पाहावे?

प्रतिसाद १

या व्यवहारात पाच जण राबतात, एकाला मोबदला मिळतो आणि निर्णय चुकण्याची सगळी जोखीम, जी एरवी काम देणाऱ्याची असते, ती काम करणाऱ्यांच्या अंगावर येते. माझा पहिला आक्षेप यालाच आहे. दुसरा आक्षेप मला त्याहून गंभीर वाटतो, पण त्याची चर्चा क्वचितच होते. संस्था कोणासाठी काम करते, तिच्याविषयी लोकांचा कोणता समज बदलायचा आहे, चिन्ह कुठे आणि किती लहान आकारात छापले जाणार आहे, हे सारे विचारून आणि तपासून मगच रेखाटायला बसणे म्हणजे डिझाइन. मोबदल्याची खात्री नसताना एवढा अभ्यास कोणालाच परवडत नाही, त्यामुळे प्रत्येक जण तो गाळतो आणि पाहताक्षणी आवडेल असे काहीतरी पाठवतो. फुकट मागणाऱ्या संस्थेचेही यात नुकसानच होते.

स्टीव्ह जॉब्स यांनी १९८६ मध्ये आपल्या नेक्स्ट या संगणक कंपनीच्या बोधचिन्हासाठी पॉल रँड या नामवंत अमेरिकी ग्राफिक डिझायनरकडे अनेक पर्याय मागितले होते. रँड यांनी त्याला नकार दिला, एकच उत्तर देण्याचे मान्य केले आणि ते वापरले जावो अथवा न जावो, १,००,००० डॉलर मानधन ठरवून घेतले. एवढा दबदबा तुमचा-माझा नाही हे मान्य आहे, पण मोबदला विचाराचा असतो, पसंतीचा नव्हे, हे त्यांचे तत्त्व लहान कामालाही लागू पडते.

प्रतिसाद २

वरील मताविषयी आदर आहे, तरी त्यात नवख्यांचा विचार मला दिसत नाही. ज्याच्याकडे दाखवायला एकही छापून आलेले काम नाही, त्याला नकार देण्याची ऐपत नसते. टोकियो ऑलिंपिकचे पहिले चिन्ह साहित्यचोरीच्या आरोपांमुळे सप्टेंबर २०१५ मध्ये मागे घेण्यात आले आणि त्यानंतर खुली स्पर्धा झाली. तिच्यात १४,५९९ प्रवेशिका आल्या आणि असाओ तोकोलो यांचे चिन्ह एप्रिल २०१६ मध्ये निवडले गेले. बंद दाराआडच्या निवडीपेक्षा ही पद्धत अधिक खुली नव्हती का? अशा स्पर्धेत उतरणाऱ्याला व्यवसायद्रोही ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

प्रतिसाद ३

उतरणाऱ्याला दोष देऊ नये, हे पूर्णपणे पटते. परंतु त्याच स्पर्धेवर एआयजीए या अमेरिकी डिझायनरांच्या संघटनेने जाहीर पत्र लिहून आक्षेप घेतला होता, तो निवड खुली होती म्हणून नव्हे, तर हजारो लोकांचे श्रम विनामोबदला मागितले गेले म्हणून. नवख्यांना संधी द्यायचीच असेल तर त्यांचे जुने काम, अगदी सरावासाठी केलेले कामसुद्धा, पाहून काहींची निवड करता येते आणि त्या प्रत्येकाला पहिल्या टप्प्याचे मानधन देता येते. सामाजिक संस्थेसाठी आपण होऊन फुकट काम करणे हा प्रकार वेगळा आहे. तिथे देणारा आपल्या मर्जीने देतो, ते काम वापरले जाते आणि सहकाऱ्यांना एकमेकांविरुद्ध उभे केले जात नाही.

व्यावसायिक संघटनांमध्येही या बाबतीत एकमत नाही. आरजीडी ही कॅनडातील डिझायनरांची संघटना आपल्या सभासदांना निवडीआधी असे विनामोबदला काम करू देत नाही, तर एआयजीए धोके स्पष्ट सांगून अंतिम निर्णय डिझायनरवर सोपवते.

होकार देण्याआधी अटी मात्र बारकाईने वाचा. कॉपीराइट कलाकृती तयार होताच निर्माण होतो आणि सहसा तो निर्मात्याकडेच राहतो, पण आलेल्या सर्व प्रस्तावांचे हक्क संस्थेकडे जातील असे एखादे वाक्य अटींमध्ये असू शकते. ते नसले तरी कॉपीराइट अभिव्यक्तीला संरक्षण देतो, कल्पनेला देत नाही. तुमची कल्पना घेऊन दुसऱ्याकडून वेगळे चित्र काढून घेतले, तर तुमच्या हाती फारसे काही उरत नाही. म्हणून संस्थेला असे कळवा की आधीची कामे आणि कामाची पद्धत तुम्ही आनंदाने विनामूल्य समजावून सांगाल, पण नवे रेखाटन पाचही जणांना ठरावीक मानधन मिळणार असेल तरच कराल.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. अटी पुन्हा वाचल्या. नाकारलेल्या प्रस्तावांचे हक्क कोणाकडे राहतील याचा त्यांत उल्लेखच नाही, म्हणून तो प्रश्न आणि मानधनाचा प्रस्ताव मी आज लेखी कळवला आहे. इतर चौघे कोण हे मला समजले, तर त्यांनाही हाच प्रस्ताव पाठवण्याची विनंती करीन. संस्थेने मानधन नाकारले, तर मी फक्त आधीची कामे पाठवणार आहे.