मदत हवी आहे: शेकोटीच्या रंगांचा स्कार्फ, पण जाळीचा काठ फुगून राहिला

सासूबाईंसाठी स्कार्फ विणून राहिली आहे. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडया (गावच्या जत्रा) सुरू झाल्या की गावोगावी नाटकं लागतात. वडशाची कोणतीही नाटक कंपनी येवो, सासूबाईंना पहाटे पडदा पडेपर्यंत उठायचं नसते. पौषात उघड्यावर बसायचं म्हणजे कान-गळा झाकायला काहीतरी पाहिजेच.

रंग शेकोटीचे घेतले. खाली राखाडी, मग काळपट लाल, नारिंगी, टोकाला हळदीसारखा पिवळा. पट्टे पट्टे दिसू नयेत म्हणून दोन पदरी विणते आणि एका वेळी एकच पदर बदलते: लाल-लाल, लाल-नारिंगी, नारिंगी-नारिंगी. हे मात्र झकास जमलं आहे, तुराट्या पेटल्यावर दिसते तसंच.

अडलं ते काठावर. मधला भाग सगळा सुलट आहे, दोन्ही बाजूंनी, ८ नंबरच्या सुयांवर. काठाला ज्वाळांची टोकं हवीत. ६ टाक्यांपासून सुरुवात, एक ओळ आड एक जाळी (सुईवर धागा घेऊन केलेलं भोक, त्याने एक टाका वाढतो) वाढवायची, १० झाले की ४ बंद. विणता विणताच काठ स्कार्फला जोडत जाते. व्हिडिओत सांगतात तसे मधल्या भागाच्या कडेवरून चार ओळींमागे तीन टाके उचलले, तर काठाची झालर झाली! शिवाय टोकं वळतात. धुऊन, टाचण्या लावून वाळवलं तरी दुसऱ्या दिवशी परत तेच. लोकर तालुक्याच्या दुकानातली आहे, गुंड्यावर काही लिहिलेलं नाही.

पळसपान: चाराला तीन हे प्रमाण एक ओळ सुलट, एक उलट अशा विणीचं. सगळी सुलट वीण आडवी पसरते, उभी दबते. तिथे दोन ओळींमागे एकच टाका उचला. दोन ओळींची मिळून एक उंचवट्याची रेघ दिसते ना, त्या रेघेला एक. काठाच्या दर दोन ओळींना उचललेला एक टाका जोडला जातो, म्हणजे तुमच्या ८ ओळींच्या एका टोकाला ४ टाके लागतील. बाजूचे टाके ४ च्या पाढ्यात बसवा, नाहीतर शेवटी अर्धंच टोक उरते.

रानजाई: ताई, आधी त्या लोकरीचा बोटभर धागा चिमट्यात धरून पेटवून बघा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख चुरगळली तर खरी लोकर. वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा. टोकं धुऊन बसत नाहीत, म्हणजे मला तरी ॲक्रिलिकच वाटते. त्याला वाफ लागते. वर ओलं सुती फडकं धरून इस्त्री अधांतरी फिरवायची, टेकवायची नाही. आधी नमुन्याच्या तुकड्यावर करून पाहा, कारण एकदा वाफ बसली की ताण कायमचा जातो.

आणि दुसरं. नाटकाच्या मांडवामागे शेकोट्या असतातच. ॲक्रिलिकवर ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटते. खरी लोकर चटकन पेट घेत नाही, बहुधा आपोआप विझते. गळ्यातली वस्तू आहे, म्हणून सांगते.

धागाकर्ती (प्रश्न विचारणारी): मणीच झाला बाप्पा. काठ उसवते, मधला भाग राहू देते. शेकोटीला जाताना हा काढून घोंगडी घ्यायची असं सासूबाईंना सांगितलं, तर म्हणतात, मग शेकोटीचा कशाला विणला? पुढचा खऱ्या लोकरीचा करीन. तोवर कोपऱ्याचं कोणी सांगा, काठ तिथे ओढल्यासारखा होतो.

पळसपान: कोपऱ्याच्या एकाच टाक्यात काठाच्या चार-सहा ओळी जोडा, म्हणजे वळायला जागा मिळते. टोकाचं निमुळतं अग्र नेमकं कोपऱ्यावर येईल असं आधी मोजून घ्या. पहिला कोपरा जमला की ओळी लिहून ठेवा, चारही सारखे व्हायला पाहिजेत.