फोनो, फोनोग्राफ की ग्रामोफोन?

प्रश्न : आमच्या घरी मोठा कर्णा असलेलं, चावीचं यंत्र आहे. घरात सगळे त्याला 'फोनो' म्हणतात. जुन्या वस्तू घेणाऱ्या एका दुकानदाराने कागदावर 'फोनोग्राफ, सन १८९०' असं लिहून दिलंय. यंत्रावर सपाट तबकड्या लागतात. मराठीत याला नेमकं काय म्हणावं? आणि साल बरोबर आहे का?

उत्तर : सपाट तबकडी लागते म्हणजे तो ग्रामोफोन. फोनोग्राफ हे एडिसनच्या १८७७ च्या यंत्राचं नाव. त्यात आवाज आधी कथलाच्या पातळ पत्र्यावर आणि पुढे मेणाच्या नळकांड्यावर उमटायचा. तबकडीचं यंत्र एमिल बर्लिनरचं, १८८७ चं, आणि 'ग्रामोफोन' हे नावही त्यानेच दिलं. इंग्लंडात हा फरक पाळला गेला. अमेरिकेत मात्र तबकडीच्या यंत्रालाही फोनोग्राफच म्हणू लागले.

घरात 'फोनो' म्हणायला काहीच हरकत नाही. 'फोनोची प्लेट' आपल्याकडे पूर्वीपासून म्हणतातच. पण विक्रीच्या कागदावर शब्द काटेकोर हवा. 'फोनोग्राफ' वाचलं की जाणकार नळकांड्याचं यंत्र समजतो, आणि सालही उगाच मागे जातं. स्प्रिंगवर चालणारे ग्रामोफोन १८९६ च्या सुमारास आले. त्याआधीचे हाताने फिरवावे लागत. तेव्हा चावीच्या यंत्राला १८९० लावणं साफ चूक आहे.

आणखी एक उत्तर : कर्णा कुठे जोडलाय ते पाहा. सुरुवातीच्या यंत्रांत साउंडबॉक्स, म्हणजे सुईची थरथर आवाजात बदलणारी डबी, थेट कर्ण्याच्या टोकाला असे आणि सुईबरोबर अख्खा कर्णा सरके. त्याला पेलायला पुढे एक दांडी असे. नंतर टोनआर्म, म्हणजे आवाज कर्ण्यापर्यंत नेणारी पोकळ नळी, आला आणि कर्णा मागे एका जागी स्थिर झाला. १९०६ मध्ये व्हिक्टर कंपनीने कर्णा लाकडी पेटीतच दडवला, पण बाहेरच्या कर्ण्याची यंत्रं पुढेही बनत राहिली. म्हणून नुसता कर्णा दिसला की 'फार जुनं' म्हणू नये.

'भोंगा' मात्र इथे नको. तो गिरणीचा. 'कर्णा' हे तोंडाने फुंकायच्या लांब पितळी वाद्याचं नाव आणि आकार तोच, त्यामुळे शब्द चपखल बसतो. पाकळ्या असलेल्या कर्ण्याला मी 'धोतऱ्याच्या फुलाचा कर्णा' म्हणतो. ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

कर्णा लखलखीत पितळी आणि खालची पेटी अष्टकोनी असेल तर सावध राहा. अशा नव्या नकला आपल्याच देशात ढिगाने होतात, आणि त्यांवर ग्रामोफोनसमोर बसलेल्या कुत्र्याचं प्रसिद्ध चित्रही चिकटवलेलं असतं.

प्रश्नकर्ता : पेटी चौकोनी, कर्णा काळा, मागे जोडलेला. धातूच्या पट्टीवर व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनी, कॅम्डेन असं आहे. कुत्राही आहे.

उत्तर : मग १८९० चा प्रश्नच मिटला. व्हिक्टर कंपनी १९०१ ची. कुत्र्याचं चित्र फ्रान्सिस बॅरो या चित्रकाराचं. त्यात आधी एडिसनचा फोनोग्राफच होता. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने ते घेतलं, तेव्हा बॅरोने त्यावर ग्रामोफोन रंगवला! पट्टीवर पेटंटच्या तारखा असतील तर शेवटची बघा. यंत्र त्याआधीचं असू शकत नाही, नंतरचं मात्र असू शकतं. शिवाय मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्या, त्यांवरून वर्ष बरंच जवळ आणता येतं. तोवर दुकानदाराला 'कर्ण्याचा ग्रामोफोन, व्हिक्टर, १९०१ नंतरचा' एवढंच लिहायला सांगा.