अप्पांनी परवापासून बीपीची गोळी सोडलीय

(बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका सोसायटीचा ग्रुप, रविवार संध्याकाळ)

१०२ अप्पा: नमस्कार मंडळी. बीपीची नवीन गोळी चालू होऊन तीन महिने झाले. वजन ७४ वरून ७८. परवापासून गोळीच बंद केली. कुणाला असा अनुभव?

२०४ बाळू: आमच्या बाबांचं पण तसंच अप्पा. गोळ्यांनी माणूस फुगतंय.

३०३ मामी: फॉरवर्डेड. रोज उपाशीपोटी ज्येष्ठमधाचा काढा घ्या, बीपी आणि चरबी दोन्ही पळतील 🙏

सेक्रेटरी: उद्या सकाळी ६ ते ८ टाकी धुणार. पाणी भरून ठेवा.

३०१ ताई: अप्पा, गोळीच्या पाकिटाचा फोटो टाका आधी. आणि मामी, तो काढा डिलीट करा बघू. ज्येष्ठमध रोज घेतला तर बीपी चढतंय, उतरत नाही.

३०३ मामी: मला गावाकडनं आलं, मी नुसतं पुढं ढकललं गं.

१०२ अप्पा: मेटोप्रोलॉल ५० लिहिलंय. फोटो येईना.

३०१ ताई: ही बीटा ब्लॉकर, हृदयाचे ठोके मंद करणारी. एकदम सोडायची नसती ही. नाडी आणि बीपी दोन्ही उसळी मारतात. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना फोन लावा, दोन दिवस घेतली नाही म्हणून सरळ सांगा. छातीत दुखलं नाहीतर दम लागला तर फोनबिन काही नको, थेट दवाखाना. बदलायची झाली तरी डॉक्टर ती हळूहळू कमी करत आणतात.

१०२ अप्पा: लावतो फोन. खरं वजन वाढलंय ते खोटं काय?

३०१ ताई: खोटं नाही. या जातीच्या गोळ्यांनी सुरुवातीच्या महिन्यांत साधारण किलोभर वाढतंय, मग तिथंच थांबतंय. नाडी मंदावती, अंगात आळस येतो, चालणं कमी होतंय. तुमच्या चारातला एक गोळीच्या नावावर धरा. बाकीचे तीन कुठनं आले?

१०२ अक्का: मी सांगते कुठनं. चार वाजता चहाबरोबर खारी. रविवारी कुंदा. जेवताना लोणच्याशिवाय घास उतरत नाही. आणि गुडघा दुखतोय म्हणून मेडिकलमधनं गोळ्या आणून खाताहेत, महिना झाला.

१०२ अप्पा: ग्रुपवर कशाला ते?

३०१ ताई: 😳 कुठल्या गोळ्या अक्का?

१०२ अक्का: डायक्लोफिनॅक.

३०१ ताई: आता कळलं. वीस वर्षं मेडिकलच्या काउंटरला उभी होते, हे रोज बघायची. दुखण्याच्या या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात. काटा पण वर, बीपी पण वर. नाव बीपीच्या गोळीचं! डॉक्टरांना हे पण सांगा अप्पा, लपवू नका. किडनीवर पण ताण येतोय.

२०१ काकू: माझी बीपीची गोळी अमलोडिपिन आहे. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततोय. जाड झाले म्हणून मी भात सोडला.

३०१ ताई: भातानं काय वाकडं केलं तुमचं? अमलोडिपिननं घोट्याशी पाणी उतरतंय, ती चरबी नव्हे. १० मिलिग्रॅमची असेल तर जास्त. डॉक्टर डोस कमी करतात, नाहीतर जोडीला टेल्मिसार्टनसारखी बीपीची दुसरी गोळी देतात, सूज उतरती. खरं दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं नाहीतर आडवं झाल्यावर दम लागला तर वाट बघू नका. हृदय, किडनी तपासायला लागतंय.

२०४ बाळू: बाबांची टेल्मिसार्टनच आहे ताई. मी त्यांना कमी सोडियमचं मीठ आणून दिलंय.

३०१ ताई: बंद कर ते. त्यात पोटॅशियम असतंय, आणि ही गोळी पण पोटॅशियम वाढवती. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि त्या गोळीनं माणूस फुगत नाही, उगाच नाव घेऊ नकोस. साधंच मीठ कमी खायचं, दिवसाला सगळं मिळून चहाचा एक सपाट चमचा, ५ ग्रॅम.

१०२ अक्का: तेवढं तर यांच्या लोणच्यातच जातंय.

१०२ अप्पा: डॉक्टर बोलले. आधी बीपी बघायला लावलं, १५८/९६. मेटोप्रोलॉल आजच चालू करा म्हणाले. गुडघ्याची गोळी बंद. उद्या ११ ला बोलावलंय. आणि वॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला जाऊ का विचारलं, उद्या तपासून सांगतो म्हणाले.

३०१ ताई: हो म्हणाले की जा. खरं हातातल्या घड्याळावर नाडी बघून चालू नका, या गोळीनं ती फारशी वर जात नाही. बोलता येतंय आणि गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग पुरे. वजन किलोभर उतरलं की वरचं बीपी साधारण एक पॉइंट उतरतंय. उतरत गेलं आणि उठताना चक्कर आली तर कळवा, मग डोस कमी करायला लागतो.

१०२ अक्का: लोणच्याची बरणी खाली ठेवलीय. बाळू, घेऊन जा.

२०४ बाळू: अक्का, बाबांना पण बीपी आहे की!

सेक्रेटरी: माझ्याकडं द्या. मला बीपी नाही.

३०१ ताई: शेवटचं कधी तपासलं होतं?

सेक्रेटरी: टाकी ६ ला धुणार. पाणी भरून ठेवा.