गुलाबी बोटीला नावं ठेवण्याआधी

हांबुर्गी
परवा स्पष्टवक्ता यांनी इथे जे लिहिलं ते वाचून दोन दिवस गप्प बसायचा प्रयत्न केला. जमलं नाही. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी सार: भूमध्य समुद्रात निर्वासितांना वाचवायला जाणारे स्वयंसेवक म्हणजे हौशे-गवशे; बँक्सी या ब्रिटिश भित्तिचित्रकारानं पैसे घालून एक बोट गुलाबी रंगवली, ती स्वतःच अडकली आणि सोडवायला शेवटी सरकारी बोटच गेली; मैफली, चित्रं, लाइफ जॅकेटांच्या माळा म्हणजे युरोपातल्या खात्यापित्या मंडळींचं पापक्षालन. आणि वर, "कलाकारांनी कला करावी, टॅक्सी चालवू नये."

आधी त्या अडकलेल्या बोटीचं. तिचं नाव लुईझ मिशेल, ऑगस्ट 2020. तीस मीटरची बोट, पूर्वी फ्रेंच कस्टम्सकडे होती. तिच्यावर आधीच 89 माणसं होती. मग दुसरी रबरी बोट भेटली, पाणी भरत असलेली. काय करायचं होतं, हात हलवून पुढे जायचं? 219 माणसं झाली. डेकवर पाय ठेवायला जागा नाही, बाजूला फुगवलेला तराफा, एक प्रेत पिशवीत. मदत मागून मागून थकल्यावर इटलीच्या तटरक्षक दलानं 49 जण नेले. उरलेले कोणी घेतले? सी-वॉच 4, म्हणजे दुसऱ्या स्वयंसेवी जहाजानं. हे अर्धं वाक्य स्पष्टवक्ता सोयीस्कर विसरले.

दुसरं, ही मंडळी समुद्रात गेलीच का? 3 ऑक्टोबर 2013 ला इटलीच्या लाम्पेदुसा बेटाजवळ 368 माणसं बुडाली. त्यानंतर इटलीच्या नौदलानं वर्षभर मारे नोस्त्रुम मोहीम चालवली, दीड लाखाच्या आसपास माणसं वाचवली. महिन्याला सुमारे 90 लाख युरो खर्च. बाकीच्या युरोपनं हात वर केले, मोहीम बंद. ती जागा रिकामी पडली म्हणून सामान्य लोक गेले.

आणि त्यांच्या डिझेलचे पैसे कुठून येतात? मागच्या हिवाळ्यात मी इथे हांबुर्गच्या एका चर्चमध्ये चेलोची मैफल ऐकली. तिकीट नव्हतं. दाराशी एक नारिंगी हेल्मेट उलटं ठेवलेलं, त्यात पैसे टाकायचे. मी 50 युरो टाकले. पापक्षालन म्हणायचं तर म्हणा, डिझेलला फरक पडत नाही.

स्पष्टवक्ता
एवढा मोठा धागा माझ्यासाठी! धन्य झालो. टॅक्सी हा शब्द माझा नाही, इटलीतले राजकारणी दि मायो यांचा आहे, 2017 चा. तिकडचे लोक उगाच वैतागले नव्हते. बोटी उभ्या आहेत म्हटल्यावर दलाल आणखी तकलादू रबर देतात. आणि कलेचं म्हणाल तर आय वेवे या चिनी कलाकारानं 2016 मध्ये ग्रीसच्या लेस्बोस बेटावर, तुर्कीच्या किनाऱ्याला मरून लागलेल्या त्या चिमुकल्या अॅलन कुर्दीसारखं पालथं पडून फोटो काढून घेतला, तोही आपल्याकडच्या इंग्रजी मासिकासाठी. त्याला कला म्हणायचं? आमच्याकडे दहाव्याला कुणी असं केलं असतं तर चपलेनं मारलं असतं.

हांबुर्गी
दि मायो बोलले त्याच वर्षी युवेंटा नावाचं स्वयंसेवी बचाव जहाज जप्त झालं, दलालांशी संगनमत केलं म्हणून. एप्रिल 2024 मध्ये सिसिलीतल्या त्रापानीच्या कोर्टानं प्रकरण खटला उभा राहण्याआधीच निकालात काढलं. सात वर्षं जहाज बंदरात गंजत पडलं. तेव्हा वैतागलेल्यांपैकी कुणी सॉरी म्हटलं का? आणि मारे नोस्त्रुम बंद केल्यावर माणसं यायची थांबली नाहीत. पुढच्याच एप्रिलमध्ये, 2015 ला, एकाच बोटीत सातशेच्या वर माणसं बुडाली.

रंगपेटी
चित्रकला शिकवते, म्हणून बोलते. आय वेवेचा तो फोटो मलाही सहन झाला नाही. घ्या, एक गुण तुम्हाला. पण त्याच सुमारास बर्लिनच्या संगीतगृहाच्या खांबांना त्यानं 14,000 लाइफ जॅकेटं गुंडाळली, लेस्बोसवरून आणलेली, वापरलेली. ते फोटो मी वर्गात दाखवले. एका मुलानं विचारलं, मॅडम, यातली लहान मापाची किती? मी गप्प.

आणि हांबुर्गी म्हणतात त्या एप्रिलमधल्या बोटीतून काढलेल्या प्रेतांची ओळख पटवणाऱ्या क्रिस्तिना कात्तानेओ या डॉक्टर. मालीमधला चौदा वर्षांचा एक मुलगा. त्याच्या जाकिटात काहीतरी शिवलेलं. उसवून बघितलं तर प्रगतिपुस्तक. युरोपात गेल्यावर दाखवायला नेत होता. 2019 मध्ये मक्कोक्स या व्यंगचित्रकारानं काढलं, की समुद्राच्या तळाशी तो मुलगा जलचरांना प्रगतिपुस्तक दाखवतोय. इटलीत घरोघरी पोचलं ते. आकडे कुणाच्या घरी पोचतात?

स्पष्टवक्ता
ते प्रगतिपुस्तक डॉक्टरला सापडलं, चित्रकाराला नाही. काम कुणाचं, टाळ्या कुणाला!

बोटीवरचा
बरेच दिवस नुसता वाचतोय, आज राहवलं नाही. मी गुहागरकडचा, वीस वर्षं बोटीवर.

18 एप्रिल 2015 च्या त्या बोटीबद्दल एक गोष्ट कलाकार मंडळी सांगत नाहीत. 2019 मध्ये ब्युखेल नावाच्या कलाकारानं तिचा सांगाडा व्हेनिसला मोठ्या प्रदर्शनात नेऊन ठेवला. शेजारी कॅफे, माहितीची पाटी नाही, लोक कॉफी पीत सेल्फी काढत होते. ती बोट बुडाली कशी? रोमच्या सागरी बचाव केंद्रानं जवळच्या किंग जेकब या कंटेनर जहाजाला मदतीला पाठवलं. रात्रीची वेळ. जवळ येताना ती मासेमारी बोट जहाजावरच आपटली, माणसं एका बाजूला धावली, बोट उलटली. 28 जगले. गेलेले सातशेच्या वर, काही अंदाजांनी हजार. जहाजावरच्या लोकांनी ते डोळ्यांनी बघितलं. त्यांचं शिल्प कुणी केलं?

त्याच उन्हाळ्यात आम्हालाही वळवलं. टँकर रिकामा, म्हणजे पाण्यापासून डेक दोन-तीन मजले उंच. पायलट शिडी आणि जाळी सोडली. शंभराच्या वर माणसं. पहिला येतो तो पेट्रोलचा वास. बोटीच्या तळाशी पेट्रोल आणि खारं पाणी एकत्र होतं, आणि बायका-पोरांना मध्ये बसवतात, त्यातच. एका बाईची कमरेखालची कातडी ओल्या कागदासारखी निघत होती. आमचा कुक गोव्याचा, त्यानं रात्रभर भात आणि डाळ लावली, शेवटी ताटं कमी पडली तर बेकिंग ट्रेमध्ये वाढलं. कंपनीचा पहिला मेल: उशीर किती होणार?

समुद्रात माणूस दिसला तर उचलायचा हा कायदा आहे, दया नाही. ज्या सोलास या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करारानुसार आम्ही चालतो तो टायटॅनिकनंतर आला. पण उचलल्यावर उतरवायचं कुठे? 2020 मध्ये मेर्स्क एटिएन ही टँकर बोट 27 माणसं घेऊन माल्टासमोर 38 दिवस उभी होती. अडतीस! तेव्हा आमच्या डेकवर चेलो वाजवायला कुणी आलं नाही.

हांबुर्गी
दंडवत. पण त्या 27 जणांना शेवटी कुणी उतरवलं तेही सांगा. मारे योनियो, इटलीचं स्वयंसेवी जहाज.

स्पष्टवक्ता
आणि नंतर जहाज कंपनीकडून सव्वा लाख युरो मिळाले, तेही सांगा! इटलीत चौकशी लागली त्यावरून. सेवाभाव, वा!

हांबुर्गी
कंपनीनं खर्चाची भरपाई म्हणून दिले असं म्हटलंय. जहाज पाण्यावर चालतं, हवेवर नाही.

कृष्णाकाठ
हिशोब! आलात ना शेवटी हिशोबावर. मला याचसाठी बोलायचं होतं. 2019 चा पूर आठवतो? आम्ही सांगलीचे. 8 ऑगस्टला ब्रह्मनाळला बोट उलटली, गावचीच माणसं गावच्याच बोटीत. त्यानंतर महिनाभर पूरग्रस्तांसाठी म्हणून कुठे कुठे नाटकांचे प्रयोग, गाण्यांचे कार्यक्रम. एका कार्यक्रमाची पत्रिका माझ्याकडे अजून आहे, तिच्यावर प्रायोजकांची नावं आमच्या जिल्ह्याच्या नावापेक्षा मोठी. आमच्या गल्लीत काय पोचलं? चाळीस ब्लँकेट. ऑगस्टमध्ये, चिखलात! भाड्याचं, साउंडचं, पाहुण्यांच्या हॉटेलचं बिल किती झालं, दोनदा विचारलं. "ताई, भावना बघा." भावना वाळत घालू का दोरीवर?

रंगपेटी
माफ करा, पण सगळ्यांना एका दावणीला बांधू नका. मी स्वतः अशा प्रयोगात काम केलंय. मानधन एक रुपया नाही, जाण्यायेण्याचं एसटीचं तिकीट माझं मी काढलं, रात्री दोनला घरी.

कृष्णाकाठ
तुम्ही घेतलं नाही हे मान्य. नाट्यगृहवाल्यानं सोडलं का? मी तुम्हाला विचारतच नाहीये, ज्यांनी गल्ला मोजला त्यांना विचारतेय.

रंगपेटी
मग माझ्या अंगावर का येताय?

कृष्णाकाठ
कारण उत्तर द्यायला दरवेळी कलाकार पुढे येतो आणि गल्ला मोजणारा मागच्या दारानं जातो.

खवचट
भूमध्य समुद्रातून निघालेला धागा सांगलीमार्गे नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवर पोचला आहे. चहा सांगू का सगळ्यांना? बिल कुणाच्या नावावर?

स्पष्टवक्ता
कृष्णाकाठ ताईंशी शंभर टक्के सहमत. हेच तर मी म्हणत होतो.

कृष्णाकाठ
अजिबात नाही. तुम्ही म्हणत होतात मदत करूच नका. मी म्हणतेय पावती द्या. माझ्या खांद्यावर बंदूक ठेवू नका.

रंगपेटी
बरं, आमच्या प्रयोगाची पावती मिळाली नव्हती. आयोजकांना आत्ताच मेसेज टाकलाय. पाच वर्षं उलटल्यावर. खूश?

कृष्णाकाठ
उत्तर आलं की कळवा. मग खूश.

स्पष्टवक्ता
मूळ मुद्दा बाजूलाच. आफ्रिकेतली माणसं, इटलीचा किनारा, जर्मनीचा पैसा. आपला काय संबंध? 2023 मध्ये दीड लाखाच्या वर लोक समुद्रातून इटलीत पोचले, त्यात या रंगीत बोटींनी आणलेले दहा टक्केही नाहीत. एवढ्यासाठी एवढा गाजावाजा?

हांबुर्गी
दहा टक्केही नाहीत, मग दलाल त्यांच्याच भरवशावर बोटी सोडतात हे कसं? वर तुम्हीच म्हणालात. दोन्ही एकदम खरं असेल तर मला समजावा.

संबंधाचं म्हणाल तर 1996 च्या नाताळात, सिसिलीजवळ पोर्तोपालोसमोर एक बोट बुडाली. 283 माणसं. भारतीय, पाकिस्तानी आणि श्रीलंकेतले तमिळ. पाच वर्षं सरकार म्हणत राहिलं असं काही घडलंच नाही. तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यात प्रेतं येत होती आणि ते परत पाण्यात सोडत होते. शेवटी एका मच्छीमाराला ओळखपत्र सापडलं, त्यानं तोंड उघडलं आणि बेल्लू नावाच्या पत्रकारानं 2001 मध्ये तळाशी पडलेली बोट शोधून काढली. पुढे त्यावर नाटकही झालं इटलीत. आपल्याकडे? मला वयाच्या चाळिशीत कळलं, तेही हांबुर्गमध्ये.

रंगपेटी
प्रेतं परत सोडत होते? माणसं की कोण?

नाखवा_वेसावा
माणसंच, ताई. मी नाखवा, सांगतो.

आमच्या डोलीला, म्हणजे डोल जाळ्याला, एकदा मढं आलं. नारळी पुनवेनंतरचे दिवस, बोंबील भरपूर, सगळ्या बोटींची घाई. जाळं ओढताना तांडेल म्हणाला, जड आहे, घोळ मासा असेल. वर आलं तर शर्ट. मासे खराब झाले ते सोडाच. बंदरावर आणलं, कळवलं. मला आणि दोन खलाशांना तीन दिवस बसवून ठेवलं. कुठे सापडलं, आधी का नाही कळवलं, तुमचं कुणाशी भांडण होतं का. बोट उभी, बर्फ वितळला, खलाशांचा रोज अंगावर. माझ्या बापानं घरी आल्यावर एवढंच विचारलं, "आणलास कशाला?" बाप वाईट नव्हता.

तेव्हा त्या इटलीच्या कोळ्यांना मी शिव्या देणार नाही. पण त्या माणसाचं नाव कळलं नाही ते मला अजून लागतं. हातात पितळेचं कडं होतं.

बोटीवरचा
नाखवा, हेच. आणणाऱ्यालाच छळायचं. इटलीनं 2023 पासून नियम केलाय: एकदा माणसं उचलली की वाटेत थांबायचं नाही, सांगितलेल्या बंदरात जायचं. आणि बंदर कुठलं देतात? रावेन्ना, जेनोवा. चार-चार दिवस लांब. तेवढे दिवस समुद्र रिकामा. डिझेल दुप्पट. चेलोवाल्याला चार मैफली जास्त कराव्या लागणार.

स्पष्टवक्ता
नाखवांच्या प्रतिसादावर माझ्याकडे काही नाही. बाकी फोटोबद्दलचं माझं मत तेच आहे. आणि गुलाबी रंग वाईटच दिसतो.

खवचट
रंगावर एकमत! धागा सत्कारणी लागला.

हांबुर्गी
रंगाचं मान्य. बोटीवरचा, तुमच्या कुकबद्दल आणखी लिहा कधीतरी. बेकिंग ट्रेमध्ये भात, हे डोक्यातून जात नाहीये.

बोटीवरचा
तो निवृत्त झाला, मडगावला असतो. विचारलं तर म्हणतो, ट्रे घासायला दोन तास लागले. मी येत्या गुरुवारी चढतोय, चार महिने नेट असेल-नसेल.

कृष्णाकाठ
सांभाळून जा. हांबुर्गी, तुमच्या त्या हेल्मेटवाल्यांचा हिशोब कुठे बघायला मिळेल?

हांबुर्गी
दरवर्षी अहवाल निघतो, जहाजाचा खर्च वेगळा दाखवलेला असतो. पण जर्मनमध्ये आहे.

कृष्णाकाठ
मग डिझेलचं पान तेवढं मराठीत करून टाका. बघून सांगते.